मेथ, आईस, क्रिस्टल... हा खर्च नक्की कुणाच्या नावावर टाकायचा?

हिशोबनीस

बरेच दिवस लिहू की नको चाललं होतं, आज बसलोय तर एकदाचं लिहून टाकतो. लांबेल, सांभाळून घ्या. घरचं आहे त्यामुळे गाव, नोकरी, वय असलं काही विचारू नका.

माझ्या धाकट्या भावाने साडेचार वर्षं मेथ घेतलं. मेथॅम्फेटामाइन, आईस, क्रिस्टल, ज्याला जे नाव माहिती असेल ते. आता अकरा महिने बंद आहे, पण घरात हे कुणी मोठ्याने बोलत नाही, मीही इथे पहिल्यांदाच लिहितोय. आयुष्यभर दुसऱ्यांचे हिशोब तपासत आलो त्यामुळे डोकं तिथेच जातं. परवा आईच्या कपाटात एक लांबडी वही सापडली. पुढून घरखर्च, आणि वही उलटी केली की मागून, पेन्सिलीने, त्याचा खर्च. म्हणजे त्याच्यामुळे झालेला. 'कुलूप.' 'कुलूप परत.' 'बाथरूमची कडी.' 'फोन, तिसरा.' 'शेजारच्यांची सायकल, भरून दिली.' 'मावशीकडून उसने, परत कधी ते बोलले नाही.' प्रत्येकासमोर आकडा. आणि मध्येमध्ये नुसत्या उभ्या रेघा, चार उभ्या आणि पाचवी आडवी, पानंच्या पानं, समोर रक्कम काहीच नाही. विचारलं हे काय गं, तर म्हणाली तो ज्या रात्री आला नाही किंवा आला आणि झोपला नाही त्या रात्रींच्या, मी जागी होते ना.

रेघा सोडून बाकीची बेरीज केली. आमच्या घराच्या अडीच वर्षांच्या उत्पन्नाएवढी निघाली, आणि त्यात प्रत्यक्ष मालावर गेलेला, आम्हाला माहिती असलेला पैसा पाचवा हिस्साही नव्हता. मी इतकी वर्षं समजत होतो की व्यसनाचा खर्च म्हणजे व्यसनी माणूस जेवढ्याचं विकत घेतो तेवढा.

मग मोठ्या पातळीवर कुणी असा हिशोब मांडलाय का ते शोधलं. अमेरिकेतल्या रँड कॉर्पोरेशन या संशोधन संस्थेने २००९ मध्ये मांडलाय, २००५ या एका वर्षाचा, अख्ख्या अमेरिकेचा. आकडा आला २३.४ अब्ज डॉलर, आणि ढिलाई किती धरायची तर खाली १६.२ अब्ज ते वर ४८.३ अब्ज, म्हणजे तेही चाचपडतच होते, पण प्रामाणिकपणे. त्यातला साधारण दोन तृतीयांश भाग कुठल्याच बिलात दिसत नाही, तो अकाली गेलेल्या जिवांचा आणि व्यसनात अडकलेल्या माणसाच्या आयुष्याची जी माती होते तिचा. पोलीस, कोर्ट, तुरुंग, चोऱ्या मिळून ४.२ अब्ज. आईबापांपासून काढून दुसरीकडे ठेवावी लागलेली मुलं वगैरे, ९० कोटी. आणि उपचार? ५४.५ कोटी. शंभरातले सव्वादोनच्या जरासे वर.

मला सल्ला नकोय, तो भरपूर मिळालाय. ज्यांनी हे जवळून बघितलंय, कुठल्याही बाजूने, त्यांनी आपापल्या वहीतलं लिहा. आणि त्या रेघा कुठल्या सदरात टाकायच्या ते कुणाला सुचलं तर तेही.

शाळामास्तरीण

वाचलं. दोनदा वाचलं. सविस्तर रात्री लिहिते.

परखड

तुमच्या घरच्यांबद्दल वाईट वाटलं, खरंच. पण स्पष्ट बोलतो, राग नको. कुणी तोंडात कोंबलं नव्हतं ना? ज्याने घेतलं त्याने भरावं. बाकी जगाने का भरायचं? विकणाऱ्यांना आणि घेणाऱ्यांना सरळ आत टाका दहा-दहा वर्षं, बघा खर्च कसा खाली येतो. रँडबिंड सगळं ठीक आहे, असल्या अहवालात 'आयुष्याची माती' डॉलरमध्ये मोजतात तेव्हा मला हसू येतं.

रात्रपाळी

परखड, आत टाकायचा खर्चही त्या ४.२ अब्जातच आहे बरं का, तुरुंग फुकट चालत नाही. असो, त्यावर जुनाखाकी येऊन बोलतीलच, त्यांचा प्रांत आहे.

मी माझ्या बाजूचं लिहितो. मोठ्या गोदामात रात्रपाळीचा सुपरवायझर होतो सहा वर्षं. कोण मेथ घेतंय हे ओळखायला मी पहिल्यांदा चुकलो, कारण तो माझ्याकडचा सगळ्यात चांगला माणूस होता. चेष्टा करत नाहीये. डबल शिफ्ट मागून घ्यायचा, जांभई नाही, बसणं नाही, कुणी गैरहजर असला की हा हजर. मीच त्याचं नाव बढतीला पाठवलं. साधारण पाच महिन्यांनी बघितलं तर तो एकच खोकं उघडतोय, परत चिकटवतोय, परत उघडतोय, चाळीस मिनिटं, घामाने भिजलेला, आणि मागे गाड्या लागल्यात. विचारलं तर म्हणाला आतलं बरोबर लागलेलं नाहीये. आत काहीच नव्हतं, रिकामं खोकं होतं ते.

हे औषध तयारच झालं माणसाला जागं ठेवायला म्हणून नव्हे, पण वापरलं गेलं त्यासाठीच. १८९३ मध्ये जपानच्या नागाई नागायोशींनी ते पहिल्यांदा बनवलं, १९३८ पासून जर्मनीत पर्व्हिटिन म्हणून गोळ्या निघाल्या आणि महायुद्धात सैनिकांना वाटल्या. जपानमध्ये त्याचं नाव हिरोपॉन, तिथेही सैन्यात आणि कारखान्यात. म्हणजे सुरुवातीला हे कामाचंच औषध. आणि म्हणूनच याचा हिशोब फसवा आहे, पहिल्या पानावर नफा दिसतो. मालकालाही दिसतो. मग गैरहजेरी, मग चुका, मग एखादा अपघात, मग नवीन माणूस शोधा, त्याला शिकवा. रँडच्या हिशोबात कामाचं नुकसान ६८.७ कोटी डॉलर धरलंय, मला ते कमीच वाटतं, कारण त्या माणसाच्या शेजारी काम करणारे जे सोडून गेले ते यात कुठून येणार.

त्याचं पुढे काय झालं माहिती नाही. बढतीचं पत्र त्याला मिळालं होतं, एवढं माहितीय.

हिशोबनीस

पहिल्या पानावर नफा. अगदी अगदी. पहिले सहा महिने भाऊ घरात पैसे देत होता, कधी नव्हे ते. आईच्या वहीत पुढच्या बाजूला जमेत त्याचं नाव आहे तेव्हा.

दातेरी

डेंटिस्ट आहे, आयडीवरून कळलंच असेल.

मेथ घेणाऱ्यांचे दात जातात हे सगळ्यांनी फोटोत बघितलंय आणि सगळ्यांना वाटतं की ते ॲसिड वगैरेमुळे खाल्ले जातात. मुख्य भानगड साधीच आहे, तोंड कोरडं पडतं. थुंकी कमी झाली की दातांचं संरक्षण संपलं. त्यात तासन् तास दात खाणं, जबडा आवळणं, गोड पेयं ढोसणं, आणि चार-चार दिवस ब्रशला हात नाही. हिरडीच्या लगत काळे पडून दात तिथूनच मोडतात.

पण मला लिहायचंय ते वेगळं. हे लोक माझ्याकडे येतात ते व्यसन सुटल्यावर. वर्षभर, दोन वर्षं स्वच्छ राहिल्यावर. एक बाई यायच्या, तिशीच्या आसपासच्या, त्या बोलताना डावा हात तोंडावर धरायच्या. फॉर्म भरताना पण डावा हात तोंडावर, उजव्याने लिहायचं. मुलाखतीला गेल्या होत्या तीन ठिकाणी, काम येत होतं, अनुभव होता. तीन्ही ठिकाणी तोच हात तोंडावर. माणसाने व्यसन सोडलं म्हणजे खर्च थांबला असं नाही, तोंडात उघडउघड पाटी लावलेली असते, आणि पूर्ण तोंड नीट करायला जो पैसा लागतो तो असतो कुणाकडे? नोकरी नाही म्हणून दात नाहीत, दात नाहीत म्हणून नोकरी नाही. त्यांचं काम मी हप्त्याहप्त्याने केलं. कवळी बसवली त्या दिवशीसुद्धा हात वर गेला, सवयीने, मग स्वतःच खाली घेतला.

परखड

दातेरी, हे वाचून गप्प बसलोय. पण मुद्दा सोडलेला नाही.

निद्रानाश

कॅज्युअल्टीत नर्स आहे, ड्यूटीवरून आल्यावर लिहितेय, शुद्धलेखन माफ.

मेथ घेऊन चार-पाच दिवस न झोपलेला माणूस आणला जातो तेव्हा त्याला खरंच अंगावर किडे दिसत असतात. दिसतात म्हणजे जाणवतात, कातडीच्या आत. खरवडून खरवडून जखमा. त्याला वाटतं आपण सगळे मिळून त्याला मारणार आहोत. एका पेशंटला धरायला चार-पाच जण लागतात, आणि ते चार-पाच जण त्या वेळात दुसऱ्या कुणाकडे नसतात. ही किंमत कुठल्या बिलावर लिहायची? छातीत दुखतंय म्हणून आलेले आजोबा बाकावर वाट बघत बसलेत, त्यांच्या बिलावर?

अफूच्या जातीच्या ड्रगसाठी नालोक्सोन आहे, नाकात मारलं की माणूस उठून बसतो. मेथला असं उलटं औषध नाही. झोपवायचं, तापमान आणि बीपी सांभाळायचं, थांबायचं. आणि शरीरातून निम्मं निघायलाच दहा-बारा तास जातात, कोकेन तासाभरात निम्मं होतं, त्यामुळे बेड अडकतो तो अडकतोच. सायकोसिस, म्हणजे हे भास आणि संशय, बहुतेकांचा काही दिवसांत उतरतो, काहींचा महिनोन् महिने राहतो.

आणि हृदय. याबद्दल कुणी बोलत नाही. चाळिशीही न गाठलेली माणसं हार्ट फेल्युअरने येतात, हृदय ढिल्या पिशवीसारखं झालेलं. लवकर सोडलं तर बऱ्याच जणांचं हृदय सुधारतं, हे मात्र डोळ्यांनी बघितलंय. अमेरिकेत २०२१ या एका वर्षात ज्या ओव्हरडोस मृत्यूंमध्ये मेथसारखी उत्तेजकं सापडली ते ३२ हजारांच्या वर होते, त्यातल्या बऱ्याच जणांच्या शरीरात फेंटानिल हे अफूच्या जातीचं जहाल ड्रगही होतं.

हिशोबनीस, तुमच्या आईंच्या रेघा मला कळल्या. आमच्याकडे बाहेर बाकावर अशा आया बसलेल्या असतात. त्यांना चादर देता येते, बाकी काही नाही.

जुनाखाकी

रात्रपाळीने नाव घेतलं म्हणून आलो. निवृत्त आहे, आता बोलायला मोकळा.

चोरीचं सांगतो. मेथवाला फार मोठा दरोडा घालत नाही, त्याला दम नसतो आणि योजनाही नसते. तो जागा असतो, हात शिवशिवत असतात, समोर दिसेल ते सोडवतो. तांब्याची वायर हे ठरलेलं. रात्रभर बसून वायर सोलायची, पहाटे भंगारात. त्याला त्यातून मिळतं एका-दोन दिवसांच्या मालापुरतं. आणि ज्याची वायर गेली त्याचा पंप बंद, किंवा रस्त्यावरचे दिवे बंद, नवी केबल, मजूर, खोदाई, आणि अंधारात कुणी पडलं तर तो खर्च आणखी निराळा. चोराच्या हातात एक येतो आणि गावाचे पन्नास जातात. जुगारातसुद्धा इतका वाईट भाव नसतो.

आता परखड यांचं 'आत टाका'. मीच टाकले, किती टाकले मोजले नाहीत. विकणाऱ्याबद्दल माझं दुमत नाही, त्याला टाकाच. पण घेणाऱ्याला टाकला, तो आत सहा महिने राहिला, बाहेर आला तेव्हा नोकरी गेलेली, खोली गेलेली, आणि नंबर पाठ असलेला एकच माणूस, विकणारा. तोच पोरगा मी चार वेळा धरलाय. चौथ्या वेळेला त्याने मला 'साहेब, तुम्ही बारीक झालात' म्हटलं. ओळख झाली होती ना.

कडकपणाची कमाल थायलंडने करून बघितली, २००३ मध्ये. तिथे याबा म्हणून गोळ्या मिळतात, मेथ आणि कॅफिनच्या. तीन महिन्यांत अडीच हजारांहून जास्त माणसं मेली त्या मोहिमेत, आणि मागाहून नेमलेल्या चौकशीत निघालं की निम्म्याहून जास्त मेलेल्यांचा ड्रगशी संबंधच नव्हता. याबा काही संपली नाही.

परखड

थायलंडचं टोक झालं. जपानचं काय? त्यांनी १९५१ मध्ये कायदा केला, १९५४ मध्ये आणखी कडक केला, त्या एका वर्षात ५५ हजारांवर अटका केल्या आणि दोन-तीन वर्षांत साथ संपवली. हे पुस्तकात आहे.

रात्रपाळी

अर्धं पान वाचलंत. १९५४ मध्येच त्यांनी मानसिक आरोग्याच्या कायद्यात बदल करून व्यसनींना सक्तीने का होईना पण हॉस्पिटलात न्यायची सोय केली. शिवाय तो काळ कामधंदे परत उभे राहायचा होता, युद्धातून आलेल्या पोरांना नोकऱ्या मिळायला लागल्या. आणि १९७० नंतर दुसरी लाट आलीच. कायद्याने काहीच झालं नाही असं म्हणत नाही, एकट्या कायद्याने झालं असं म्हणू नका.

जुनाखाकी

बरोबर. आणि एक भर, पुरवठा दाबला की तो मरत नाही, सरकतो. अमेरिकेत २००६ पासून सर्दीच्या गोळ्या, स्यूडोएफेड्रिनवाल्या, काउंटरच्या मागे गेल्या, ओळखपत्र दाखवा, सही करा, दिवसाला ३.६ ग्रॅमच्या वर नाही. घरातल्या छोट्या भट्ट्या खरंच खूप कमी झाल्या. हा फायदा मोठा आहे, कमी लेखू नका, एक किलो मालामागे पाच-सहा किलो विषारी घाण निघते, ती मोरीत, ओढ्यात, मागच्या अंगणात ओततात, पोरं तिथेच खेळत असतात. पण माल? तो मेक्सिकोतल्या मोठ्या कारखान्यांतून यायला लागला, वेगळ्या रसायनांपासून बनवलेला, जास्त शुद्ध आणि जास्त स्वस्त.

भाडेकरू

अवांतर आहे पण राहवत नाही. मेथचा खर्च आणि मेथच्या भीतीचा खर्च या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे कुणीतरी लिहायला हवं.

न्यूझीलंडमध्ये काय झालं बघा. कुणी घरात मेथ ओढलं की भिंतींवर अंश राहतात, आणि ते पुढच्या राहणाऱ्याला बाधतात असं सगळ्यांच्या डोक्यात बसलं. भट्टी चालवलेल्या घरांसाठी जे निकष होते तसलेच कडक निकष नुसतं ओढलेल्या घरांना लावले. सरकारी घरं देणाऱ्या हाउसिंग न्यूझीलंडने वर्षानुवर्षं भिंती पुसून तपासण्या केल्या, अंश सापडला की भाडेकरू बाहेर, मग भिंती खरवडा, काही ठिकाणी पडदे-गालिचे-फर्निचर सगळं फेकून द्या. तपासणीवाल्यांचा आणि साफसफाईवाल्यांचा धंदा जोरात. २०१८ मध्ये पंतप्रधानांचे विज्ञान सल्लागार पीटर ग्लकमन यांचा अहवाल आला की नुसतं ओढलेल्या घरातल्या अंशांमुळे कुणाची तब्येत बिघडल्याचा कुठेही पुरावा नाही. तोवर दहा कोटी न्यूझीलंड डॉलरच्या वर खर्च झालेला, साधारण आठशे भाडेकरूंना फटका बसलेला, त्यातल्या कित्येकांनी स्वतः ओढलेलंही नव्हतं, आधीच्याने ओढलेलं. नंतर माफी मागितली, भरपाई दिली. पण मुलंबाळं घेऊन ज्यांनी गाडीत रात्री काढल्या त्यांचं काय.

घरातून काढलेला व्यसनी माणूस व्यसन सोडतो असं कुणी बघितलंय का? मी तरी नाही.

परखड

हे मला अजिबात माहिती नव्हतं. भिंती पुसायचे पैसे उपचारात घातले असते तर, हे माझ्यासारख्याच्याही डोक्यात आलं. लिहून ठेवा, परखडने मान्य केलं.

शाळामास्तरीण

रात्री लिहिते म्हणाले होते, तीन रात्री गेल्या.

माझ्या वर्गात एक मुलगी होती, चौथीत. दप्तर घरी न्यायची नाही. पहिले काही दिवस मी ओरडले, मग शिक्षा केली, वहीत लाल शेरा लिहिला, त्यावर पालकांची सही आणायची तर वहीच घरी नेत नाही. शेवटी एक दिवस शाळा सुटल्यावर बसले तिच्याजवळ. म्हणाली घरी नेलं की जातं. काय जातं? कंपासपेटी गेली, नवे बूट गेले, मागच्या वर्षीचं दप्तर गेलं. बाबा विकतात. इतक्या सरळ आवाजात म्हणाली जसं पावसात भिजतं म्हणावं. आणि मग मलाच समजावलं, 'झोपलेले असले की दोन-तीन दिवस काही होत नाही, तेव्हा नेता येईल.' नऊ वर्षांची पोर बापाच्या जागण्याचं आणि झोपण्याचं वेळापत्रक पाठ करून बसली होती. घरात शिरताना चप्पल हातात घ्यायची हेही तिनेच सांगितलं.

मी माझ्या टेबलाचा खालचा खण तिला दिला. वरिष्ठांना कळवलं, जे नियमात बसतं ते सगळं केलं, ते सगळं इथे लिहीत नाही. पुढे ती आजीकडे गेली. त्या म्हाताऱ्या बाईने ऐंशीच्या घरात परत चौथीचा अभ्यास घ्यायला सुरुवात केली, तिला कोण पैसे देतंय? तुमच्या अहवालातले ते ९० कोटी सरकारने सांभाळलेल्या मुलांचे आहेत. आज्यांनी सांभाळलेल्यांचे धरलेले नसणार.

खण अजून रिकामाच ठेवलाय मी. सहज.

निद्रानाश

चप्पल हातात. बाई, आता आज झोप येणार नाही. आयडी बदलायला हवा.

उंबरठा

वाचनमात्र असतो इथे. याच धाग्यासाठी लॉगिन केलं.

मी घेत होतो. सात वर्षं. सोडून तीन वर्षं होतील. भावाला (हिशोबनीस यांच्या) सांगा की अकरा महिने म्हणजे नेमका कंटाळ्याचा काळ आहे. सोडल्यावर पहिले पंधरा दिवस माणूस झोपतो आणि खातो, तेव्हा घरच्यांना वाटतं सुटलं. त्यानंतर जे सुरू होतं त्याला नाव नाही. काहीच छान वाटत नाही. गाणं लावलं तर आवाज, ऊन पडलं तर उजेड, पोरगं हसलं तर कळतं की हसलं, बस. मेंदूतला डोपामिनचा, म्हणजे छान वाटायला लावणाऱ्या रसायनाचा, कारभार मेथने इतका उधळलेला असतो की परत घडी बसायला वर्ष-सव्वा वर्ष लागतं, स्कॅन काढून बघितलेलं आहे डॉक्टरांनी, चौदा महिन्यांच्या आसपास बरीच सुधारणा दिसते. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी दोनदा परत गेलो नसतो. मला वाटलं होतं आता आयुष्यभर असंच राखाडी.

गोळी नाही यावर, म्हणजे खास यासाठी मान्य झालेली एकही नाही. २०२१ मध्ये नाल्ट्रेक्सोनचं इंजेक्शन आणि ब्युप्रोपियनच्या गोळ्या, अशी दुसऱ्या कामांसाठीची दोन औषधं एकत्र देऊन बघितलेला अभ्यास आला तर १३.६ टक्के लोकांना गुण आला, खोट्या औषधावर २.५ टक्क्यांना. काहीच नसण्यापेक्षा बरं. मला उपयोग झाला तो कूपनचा. हसू नका. आठवड्यातून दोनदा लघवी तपासायची, स्वच्छ असेल तर छोटं कूपन, पुढच्या वेळी थोडं मोठं, एकदा चुकलो की परत पहिल्यापासून. कूपनची किंमत काही नव्हती. पण राखाडी आठवड्यात मंगळवारी आणि शुक्रवारी कुणीतरी माझी वाट बघतंय आणि मी आलो तर त्याला आनंद होतोय, एवढ्यावर मी पाच महिने काढले. मेथवर सगळ्यात जास्त पुरावा याच उपचाराचा आहे.

माझा खर्च मी मोजलेला नाही. हिंमत नाही. बहिणीचा फोन येत नाही, एवढं माहितीय.

परखड

उंबरठा, अभिनंदन, मनापासून. पण प्रश्न विचारणारच. म्हणजे चोरी केली नाही म्हणून चोराला बक्षीस? माझ्या मुलाने कधीच घेतलं नाही, त्याला कूपन कोण देणार?

हिशोबनीस

हा प्रश्न माझ्या प्रांतातला आहे, मी घेतो.

कॅलिफोर्नियात २०२३ मध्ये सरकारी आरोग्य योजनेतून हे सुरू झालं. एका माणसाला वर्षात जास्तीत जास्त ५९९ डॉलर. ५९९च का, तर तेव्हा ६०० झाले की करखात्याला कळवायची कटकट होती (आमच्या धंद्यातल्या माणसाने ठरवलं असणार, मला लगेच ओळखू आलं). आता दुसऱ्या बाजूला रँडचाच आकडा ठेवा, व्यसनात पूर्ण अडकलेल्या एका माणसामागे २००५ मध्ये वर्षाला साधारण ७४ हजार डॉलरचा भार. शंभर जणांना कूपनं दिली आणि त्यातला एकच जण वर्षभर सुटला, बाकी नव्व्याण्णव जण कूपन घेऊन पळाले असं धरलं, तरी ५९,९०० खर्च आणि ७४ हजार वाचले. परखड, मी तुमच्याकडून पुण्य मागतच नाहीये. तुम्ही नुसते कंजूष असलात तरी पुरे.

तुमच्या मुलाला कूपन मिळत नाही, पण त्याची सायकल जागेवर राहते.

परखड

कंजूष म्हणालात ते लागलं, पण गणितात चूक सापडत नाहीये. शोधतोय.

जुनाखाकी

शोधा शोधा. 😀

दातेरी

उंबरठा, दातांचं काही असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. पैशाचं नंतर बघू.

शाळामास्तरीण

आणि बहिणीला तुम्हीच फोन करा. उचलला नाही तरी नंबर दिसतो.

हिशोबनीस

धागा वर काढतोय, दोन आठवडे झाले.

भावाला हा धागा वाचायला दिला. आधी आईला विचारलं, मग त्याला. एका बैठकीत वाचला नाही, तीन-चार दिवस लागले. उंबरठाचं 'राखाडी' वाचून मला हाक मारली आणि म्हणाला 'हे, हे', आणि बोट ठेवलं स्क्रीनवर. चौदा महिन्यांचंही त्याला माहिती नव्हतं, आता कॅलेंडरवर खूण केलीय त्याने.

काल वही मागितली. आई नको म्हणत होती. बसला दोघांच्या मध्ये आणि एकेक नोंद वाचायला लागला. दोन ठिकाणी त्याने दुरुस्ती केली, आमच्या माहितीपेक्षा जास्त झालेलं होतं, ते त्याने स्वतःच्या हाताने लिहिलं. 'शेजारच्यांची सायकल' समोर लिहिलं 'दोन'. दुसरी कुणाची ते आम्हाला आजतागायत माहिती नव्हतं.

मग रेघांवर आला. काय आहे ते सांगितलं नव्हतं त्याला, धाग्यात वाचलं होतं. पेन्सिल घेऊन मोजायला लागला, पाचाचा एक गठ्ठा, पाचाचा एक गठ्ठा, पानं उलटत. बराच वेळ लागला. शेवटच्या पानाखाली त्याने आकडा लिहिला, ४१७, आणि पेन्सिल खाली ठेवली.

आईने वही आपल्याकडे ओढली, चष्मा लावला, बघितलं, आणि म्हणाली चुकलास, पानं चिकटलीत इथे, यात अजून आहेत.